दोन पोटांची पिशवी आणि बाइनामावशीचे अकरा एकर

मित्रांनो, माझ्याजवळ यायचं तर आधी नाकाची समजूत घालून या. माझ्या उजव्या पोटाला अंड्यांचा वास येतो, डाव्याला सुंठीचा आणि कापराचा, आणि भिजून वाळलेल्या कातड्याचा तर सगळीकडेच. मी एक जुनी खोगीरपिशवी आहे. खोगीराच्या मागे जनावराच्या पाठीवर आडवी टाकतात ती. मधे रुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना लोंबणारी दोन पोटं. माणसाला देवाने एकच पोट दिलं, तर तेवढं भरता भरता त्याचा जन्म जातो. मला दोन दिली. दोन पोटं म्हणजे दोन तोंडं आलीच. जीभ मात्र एकालाही नाही.

त्या नसलेल्या जिभेपायी एका बाईची जमीन हातची जायची वेळ आली होती. ती कशी राहिली, तेच सांगायला बसले आहे. जीभ नसताना कशी सांगते, ते विचारू नका. म्हातारपणी सगळ्यांनाच वाचा फुटते.

माझा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्स्टन शहरातल्या हॉल्बेक जीनगराच्या दुकानात झाला. मला घडवणारा टायटस गिलयार्ड तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो दुकानाचा नोकर नव्हता. गावाकडच्या प्रिओलो नावाच्या मळेवाल्याचा तो गुलाम होता, आणि मळेवाल्याने त्याला दुकानाला भाड्याने दिला होता, जसा कुणी नांगराला बैल देतो. पाठीचं मऊ, जाड कातडं गिऱ्हाइकांच्या खोगिरांना जायचं. मी झाले ती उरलेल्या तुकड्यांतून. पण ओकच्या सालीच्या पाण्यात वर्षभर भिजलेले तुकडे होते ते, आणि त्यांना शिवणारा हात नामी होता.

त्या हाताला वळण लावलं स्किपिओकाकाने. काकाही गुलामच, पण अख्ख्या शहरात त्याच्या तोडीचा कारागीर नव्हता. गुडघ्यांत लाकडी चिमटा धरायचा, आरीने भोक पाडायचं आणि मेणाचा दोरा दोन सुयांनी दोन बाजूंनी ओढायचा. टायटसचा टाका जरा वाकडा गेला की काका त्याच्या टाळक्यात टिचकी मारून म्हणायचा, "अरे, टाका असा घाल, की बघणाऱ्याला वाटावं हे कातडं असंच जन्माला आलं."

टायटसने ते मनावर घेतलं. फार मनावर घेतलं. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

माझ्या डाव्या पोटात, कातडं आणि अस्तर यांच्या मधे, त्याने एक चोरकप्पा केला. कशासाठी? एका निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकासाठी. अक्षरं शिकवायचं छोटंसं पुस्तक होतं ते. त्या काळी गुलामाने अक्षर ओळखणं हा गुन्हा होता. एकदा हॉल्बेकला संशय आला आणि त्याने माझ्या पोटात कोपरापर्यंत हात घातला. चाचपलं, दाबलं, उलटं करून झटकलं. माझा जीव दोऱ्यात आला होता. पण त्याला काही लागलं नाही. "शिवण बरी आहे," एवढंच बोलून तो गेला. टायटसने खाली मान घालून सुई ओढली. कोपऱ्यातून स्किपिओकाका उगाच खोकला.

मग गुलामीवरून उत्तर आणि दक्षिणेत लढाई झाली, चार वर्षं चालली आणि एकदाची संपली. गुलामी गेली. त्या दिवशी टायटसने ते पुस्तक माझ्या पोटातून काढलं आणि भर उन्हात, भर रस्त्यात, उघडं धरून मोठ्याने वाचत चालला. काय वाचत होता? 'मांजर उंदीर धरते.' पण आवाज असा, की जणू मांजराला तो हुकूमच देत होता.

पुढे उत्तरेकडून आलेल्या एका म्हाताऱ्या वकिलाच्या कचेरीत तो झाडलोट करू लागला. झाडता झाडता पुस्तकं उघडू लागला. तीन वर्षांनी परीक्षेला उभा राहिला. परीक्षा घ्यायला तीन मिशाळ गृहस्थ. त्यांतल्या एकाने विचारलं, "तू तर जीनगर. कायद्याशी तुझा संबंध काय?"

"साहेब, काम एकच आहे," टायटस म्हणाला. "उसवलेलं शिवायचं."

एक मिशी हसली, दोन हसल्या नाहीत. पण तो पास झाला.

तेव्हापासून मित्रांनो, माझे भाग्याचे दिवस सुरू झाले. तिकडे न्यायाधीश आठवड्याला एक असं गाव घेत फिरायचे आणि त्यांच्यामागून वकीलही फिरायचे. टायटसने बिशप नावाचं एक खेचर घेतलं होतं. कुणी लांबलचक भाषण सुरू केलं की हे खेचर उभ्या उभ्या डोळे मिटून घ्यायचं आणि ओठ हलवायचं, प्रार्थना करणाऱ्या मोठ्या पाद्र्यासारखं, म्हणून बिशप. त्याच्या पाठीवरून मी अख्खा जिल्हा पाहिला. डाव्या पोटात कायदा, उजव्यात शिदोरी. गोऱ्यांच्या खाणावळीत टायटसला जागा मिळत नसे, पण अशिलांच्या घरी चुलीजवळची खुर्ची मिळे. चवळी घातलेला भात, तळलेली मासळी, भेंडीचं कालवण, आणि निघताना माझ्या उजव्या पोटात तिळाच्या वड्या. मी तेव्हा चांगली गरगरीत होते.

त्याचं नाव झालं ते एका खोगिराच्या खटल्यात. ऑक्टेव्हियस नावाच्या एका मजुरावर खोगीर चोरल्याचा आळ होता. फिर्यादी म्हणत होता, हे माझ्या जीनगराने माझ्या अंगणात शिवलं. टायटसने खोगीर मागून घेतलं, उलटं केलं आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"महाराज, हा टाका डावीकडून उजवीकडे उतरतो. शिवणारा डावखुरा होता," तो म्हणाला. "फिर्यादींच्या जीनगराला सुई-दोरा द्या. सगळ्यांसमोर सुई ओवू दे."

जीनगराने सुई ओवली. उजव्या हाताने. आणि ऑक्टेव्हियसचा बाप, हे खोगीर शिवणारा, मागच्या बाकावरून डावा हात वर करून ओरडला, "अहो, मी केव्हाचा सांगतोय!" अख्खं कोर्ट हसलं. बिशप बाहेर रेकला. त्या दिवसापासून लोक टायटसला 'टाका वाचणारा वकील' म्हणू लागले. हे नाव लक्षात ठेवा, मित्रांनो. त्याची फजिती पुढे आहे.

आता बाइनामावशीकडे येते. बाइनामावशी म्हणजे त्या भागातली सुईण. प्रिओलोच्या मळ्यावर तीही गुलाम होती, आणि टायटसची नाळ तिनेच कापली होती. हे ती त्याला विसरू देत नसे. लढाईनंतर तिने आणि तिच्या नवऱ्याने, कॅटोने, सात वर्षं भातशेतीत राबून प्रिओलोच्या विधवेकडून अकरा एकर जमीन घेतली. खरेदीचा दिवस उजाडायच्या आत कॅटो वारला. त्याला त्याच जमिनीत, पीचच्या झाडांखाली, पुरलं. कबरीवर, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, त्याने शेवटचा वापरलेला चहाचा कप उपडा ठेवलेला होता. प्रिओलोबाईंनी, खरं सांगायचं तर, काही खळखळ केली नाही. चष्मा लावला, खरेदीखत वाचलं आणि सही केली. खत टायटसनेच लिहिलं होतं. दोन साक्षीदारांनी अंगठे उठवले.

राहिली नोंद. जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन खत दाखवायचं, कारकून ते वहीत उतरवून घेणार, की जमीन पक्की झाली. "उद्याच करून येतो, मावशी," टायटस म्हणाला.

कचेरी नदीपलीकडे, आणि नदी मे महिन्यातल्या पावसाने फुगलेली. टुपेलोच्या उताराला नाववाला हात जोडून उभा: "वकीलसाहेब, आज नाव नाही घालत. बायकापोरांचा धनी आहे मी." टायटस काठावर बसला. त्याने खत मेणकापडात गुंडाळलं, माझ्या चोरकप्प्यात सरकवलं आणि खिशातून आरी, दोन सुया आणि मेणाचा दोरा काढला. वकील झाला तरी हे त्याच्या खिशातून सुटलं नव्हतं. तिथेच, मांडीवर मला घेऊन, त्याने कप्प्याचं तोंड शिवून टाकलं. काय तो टाका! इंचाला दहा. काकाने पाहिला असता तर टिचकीऐवजी पापा घेतला असता.

मग आम्ही नदीत उतरलो. बिशप पोहला, टायटस त्याच्या शेपटाला धरून पोहला आणि मी दोघांच्या मधे गटांगळ्या खात गेले. शिदोरीतली रताळी वाहून गेली. कायद्याचं पुस्तक पाव फुगावा तसं फुगलं.

आणि पलीकडे काठावर दोनशे माणसं उभी!

त्या दिवशी तिथे चर्चच्या झाडीत सभा होती. वॉशिंग्टनच्या संसदेसाठी उमेदवार निवडायचा होता. डुकरं भाजत होती, ढोल वाजत होते, सगळं होतं. फक्त ज्याचं भाषण व्हायचं तो पुढारी नदीच्या अलीकडेच अडकला होता. त्याला नाववाल्याने हात जोडले होते आणि तो मुकाट्याने परत गेला होता. तेवढ्यात पाण्यातून हा खेचराचं शेपूट धरून वर आला.

"हा बघा!" एक म्हातारी ओरडली. "ह्याला पुराने अडवलं नाही, तर वॉशिंग्टनमध्ये कोण अडवणार?"

झालं. लोकांनी त्याला ओल्या कपड्यांनिशी गाडीवर चढवला. तो बोलला. काय बोलला ते मला नीटसं आठवत नाही, माझ्या कानांत पाणी होतं. मग त्याला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली, ती थेट जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत. कचेरीच्या पायऱ्या चढून त्याने आणखी एक भाषण केलं. मी त्याच्या खांद्यावरच होते. माझ्या पोटात मावशीचं खत होतं, आणि कारकुनाचं टेबल भिंतीपलीकडे, वीस पावलांवर. मी मनात म्हणत होते, अरे, आत जा! आत जा! पण लोकांनी ढोल वाजवले आणि त्याला उचलून पुन्हा डुकरांकडे नेला.

तीन दिवसांनी तो मावशीकडे गेला. चेहरा असा फुललेला. मावशीने विचारलं, "कचेरीत जाऊन आलास ना?"

"आलो ना! पायऱ्या चढूनच आलो," तो म्हणाला. खोटं बोलला नाही तो, मित्रांनो. पायऱ्या चढला होताच. कागद घेऊन कचेरीला गेलो, हे त्याला आठवत होतं. काम झालं नाही, एवढंच आठवत नव्हतं. आनंदात माणसाची आठवण अशीच थोडी पिऊन आल्यासारखी होते.

तो निवडून आला. चर्चच्या बायकांनी त्याला पितळी कुलपाची नवी काळी बॅग दिली. वॉशिंग्टनला निघायच्या दिवशी त्याने मला खिळ्यावरून काढलं, थोपटलं आणि मावशीच्या हातात दिलं. "मावशी, तुझ्या मुळ्या-पाल्याला होईल ही."

मला वाईट वाटलं का? वाटलं. दिव्यांच्या शहरात मिरवायची ती पितळी कुलूपवाली, आणि मी सुंठ वाहायची. पहिला आठवडा मी कडक होऊन बसले. मावशी म्हणाली, "ही पिशवी रुसलीय का काय?" आणि तिने मला गाईच्या खुरांचं तेल चोळलं. त्या हातांपुढे कोण रुसून राहील? चार वर्षांत त्या हातांनी त्रेसष्ट बाळं जगात आणली, आणि प्रत्येकाच्या नाळेचा दोरा माझ्या पोटातून निघाला. खासदाराच्या पिशवीला हा मान कुठला? मधल्या दिवसांत मी मावशीच्या निळ्या दाराशेजारी टांगलेली असे. तिची पोपी नावाची कोंबडी माझ्या उजव्या पोटात अंडी घाली. मावशी ओरडे, मग अंडं घेई आणि गप्प बसे.

टायटसची पत्रं यायची. रविवारी चर्चनंतर कुणी तरी ती ओसरीवर मोठ्याने वाचे. आगगाडीत आणि खाणावळीत कुणालाही बसता यावं म्हणून संसदेत तो तासभर बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी पाय आपटले. आणि परत येताना रस्त्यात एका भाड्याच्या घोडागाडीचा लगाम तुटला, तेव्हा खासदारसाहेबांनी कोट काढून फुटपाथवर बसून तो शिवला, हेही पत्रात होतं. मावशीला भाषणापेक्षा लगामच आवडला. "माझं लेकरू अजून ठिकाणावर आहे," ती म्हणाली.

असं सगळं छान चाललं असताना कचेरी जळाली.

काही कट नव्हता की वीज नव्हती. नोंदणी कारकून टूमर याने कचेरीच्या शेगडीत राखेखाली रताळी भाजायला ठेवली आणि तो गप्पा मारायला गेला. रताळी भाजली, मग टेबल भाजलं, मग जिल्ह्याच्या सगळ्या वह्या. उरली फक्त एक नोंदींची यादी, बहात्तर सालची, म्हणजे मावशीच्या खरेदीच्या वर्षाची. कारण टूमरची धाकटी जेवणाच्या टेबलाला पुरावी म्हणून ती जाडजूड वही तो घरी तिच्या खुर्चीवर ठेवत असे.

न्यायाधीशांनी दवंडी पिटवली: ज्याची जमीन असेल त्याने मूळ खत आणून जूनच्या पहिल्या सोमवारपर्यंत पुन्हा नोंदवावं. ज्याचं खत नाही, त्याची जमीन जुन्या मालकाच्या वारसाची. प्रिओलोबाई तोवर देवाघरी गेल्या होत्या. वारस म्हणजे त्यांचा पुतण्या लँगडन. पांढरा कोट, पांढरी टोपी, आणि पीचच्या झाडांवर डोळा. साक्षीदारांपैकी एक वारला होता, दुसरा टेक्ससला गेला तो गेलाच.

संसदेचं काम टाकून टायटस धावत आला. पण घाबरला नव्हता. "मावशी, खत कचेरीत दिलं तेव्हा तिथेच राहिलं असेल आणि जळलं असेल. पण नोंद यादीत असणारच. चल, तुझ्यासमोर दाखवतो." गुरुवारी सकाळी मावशी मला खांद्यावर टाकून त्याच्याबरोबर टूमरच्या घरी गेली. लँगडनही आला होता. टूमरने पोरीला खुर्चीवरून उतरवलं आणि वही उघडली.

"मे महिना," टायटस ऐटीत म्हणाला. "बाइना. अकरा एकर."

टूमरचं बोट खाली गेलं. पुन्हा वरून खाली आलं. मित्रांनो, ते बोट माझ्यापासून दोन हातांवर होतं! मी आतून ओरडत होते. पण पिशवीचं ओरडणं कोण ऐकणार?

"इथे बाइना नाही," टूमर म्हणाला.

"नीट बघ."

"नीटच बघतोय, खासदारसाहेब. तुम्ही नोंद केलीच नाही."

लँगडनने टोपी काढून मावशीला नमस्कार केला. "पीच पिकले की एक टोपली तुला पाठवीन हं, मावशी."

"तुझ्याही जन्माला मीच होते," मावशी म्हणाली. "तेव्हाही तू पाय पुढे काढूनच आलास. उलटा."

टूमरची पोरगी खो खो हसली. पण घरी येताना मावशी टायटसच्या पुढे ताडताड चालत राहिली. फाटकाशी आली, मला खांद्यावरून ओढलं, आणि माझा मधला पट्टा कडकन तुटला. कात्री, सुंठ, बाटल्या, पोपीचं एक अंडं, सगळं अंगणात पसरलं. लोक म्हणतात, पट्टा जुना होता म्हणून तुटला. म्हणू देत. ज्याला बोलता येत नाही त्याने करायचं तरी काय?

मावशी ओसरीवर बसून चवळी सोलायला लागली. टायटस खालच्या पायरीवर बसला.

"मावशी," तो म्हणाला, "माझं चुकलं. मी त्या दिवशी पायऱ्या चढलो, भाषण केलं, आणि आत गेलोच नाही. आता आठवतंय. कागदाचं काय केलं ते मात्र आठवत नाही. यादी बघायच्या आधीच चार दिवस घर उलटंपालटं करून झालं. तुझ्या जमिनीपेक्षा माझं भाषण मला मोठं वाटलं गं."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं नाही. पीचच्या झाडांकडे, त्या उपड्या कपाकडे पाहिलं.

"कॅटोला कुठे उचलून नेऊ मी?" ती एवढंच म्हणाली.

टायटसने तोंड ओंजळीत घेतलं. खासदाराला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मावशीने दोन शेंगा सोलल्या, तिसरी टाकून दिली आणि मग खेकसली, "पुरे. कपाळ धरून बसलास तर कपाळातून खत निघणार आहे का? ही पिशवी बघ तुटलीय. रात्रीबेरात्री बोलावणं आलं तर मी काय पदरात कात्री नेऊ? शिवून दे. का संसदेत जाऊन सुई धरायचीही विसरलास?"

त्याने खिशातून आरी काढली. मला मांडीवर घेतलं. चार वर्षांनी! पट्ट्याचा टोकाचा भाग माझ्या डाव्या पोटात जिथे बसतो, तिथपर्यंत शिवण उसवावी लागणार होती. त्याने अस्तर बाहेर ओढलं आणि सवयीने अंगठा फिरवला. कडेने फिरवला, पुढे गेला, थांबला. मागे आला.

"मावशी, ही पिशवी कुणाला दुरुस्तीला दिली होतीस?"

"कुणाला देऊ? गावात जीनगर होता तो खासदार झाला."

"मग हा टाका कुणाचा?" त्याने मला उन्हात धरलं. "इंचाला दहा... मेणाचा दोरा... हा टाका माझा आहे. पण इथे तर कप्प्याचं तोंड होतं. पुस्तकाच्या कप्प्याचं. हे मी कधी शिवलं?"

आणि मग त्याचा चेहरा हळूहळू ओला झाल्यासारखा दिसायला लागला. त्याला नदी आठवत होती.

"रापी दे!" तो ओरडला. "सुरी दे! काहीही दे!"

कात्री अंगणात होती. मावशी अनवाणी धावली. कच, कच, दहा टाके उसवले, आणि मेणकापडाची घडी बाहेर आली. आत खत. कोरडं ठणठणीत. प्रिओलोबाईंची सही काल केल्यासारखी.

मावशी खाली बसली. कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग टायटसकडे. "म्हणजे चार वर्षं मी माझी जमीन खांद्यावर घेऊन हिंडत होते?"

"हो गं मावशी."

"त्रेसष्ट बाळंतपणांना माझी जमीन माझ्याबरोबर होती?"

"हो."

"आणि माझ्या खरेदीखताशेजारी ती सटवी अंडी घालत होती?"

मग जी हसायला लागली ती थांबेना. हसता हसता डोळे पुसायची आणि टायटसच्या पाठीत धपाटे घालायची. "टाका वाचणारा वकील! मेल्या, दुनियेचे टाके वाचलेस आणि स्वतःच्या टाक्याने तुलाच फसवलं!"

"काकाचा दोष," टायटस नाक ओढत म्हणाला. "तो म्हणायचा, कातडं असंच जन्मलं असं वाटलं पाहिजे."

सोमवारी कोर्टात गर्दी. लँगडनने शेवटचा हात मारून पाहिला. "महाराज, पुराच्या नदीतून पोहत आलेला कागद कोरडा राहील कसा? हा नवा केलेला दिसतो."

टायटस तयारीने आला होता. शुक्रवारी त्याने कप्प्यात एक वर्तमानपत्राचा तुकडा मेणकापडात घालून पुन्हा शिवला होता. त्याने पाण्याची बादली मागवली आणि सगळ्यांसमोर मला तीत बुडवलं. सगळे बुडबुडे निघून गेले तरी दाबून धरलं. म्हातारपणी भर कोर्टात अंघोळ! पण मी श्वास धरून बसले. शिवण उसवली. वर्तमानपत्र कोरडं. न्यायाधीशांनी त्यावरची टोप्यांची जाहिरात वाचून दाखवली आणि टूमरला म्हणाले, "नोंद कर. आणि रताळी घरी भाजत जा."

टूमर लिहीत होता तोवर टायटस त्याच्या टेबलाजवळून हलला नाही. बाहेर लोक ढोल घेऊन उभे होते, हाका मारत होते. तो म्हणाला, "थांबा. शाई वाळू दे."

त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याची जागा गेली. जिथे तीनशे माणसं राहतात तिथल्या पेटीत पाचशे मतं निघाली, तर कोणता वकील काय करणार? दिवस पालटले होते आणि चांगल्या बाजूला पालटले नव्हते. पण तो खचला नाही. गावात त्याने एकाच दारावर दोन पाट्या लावल्या, वरती वकील आणि खाली जीनगर, आणि दोन्हींखाली गर्दी असे. पितळी कुलपाच्या बॅगेची किल्ली हरवली म्हणून तिचा तो पायाखाली टेकू करायचा. हे मी सहज सांगितलं. मला काही त्यात आनंद नाही.

आता टायटसही नाही. बाइनामावशी पीचच्या झाडांखाली कॅटोशेजारी झोपली आहे, आणि तिच्या मातीवर तिची कात्री ठेवलेली आहे. जमीन अजून घरात आहे, अकराच्या अकरा एकर. तिची नात टेना तिथे राहते. मी निळ्या दाराशेजारी त्याच खिळ्यावर असते. पीच फुलले की टेना मला तेल चोळते आणि मग एकेका शिवणीवरून हळूच बोट फिरवते. आजीने घालून दिलेला नेमच आहे तो.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातलं जुनं तुटलं तर लगेच फेकू नका. आधी मांडीवर घ्या, उन्हात धरा, शिवता आलं तर शिवा. आम्हांला बोलता येत नाही. आमचं जे काही सांगायचं असतं ते शिवणीतच असतं. आणि कुणाचं काम हातात घेतलंत, तर पायऱ्या चढून थांबू नका. आत जा. शाई वाळेपर्यंत उभे राहा. ढोल काय, नंतरही वाजतात.

या कधी तरी भेटायला. डाव्या पोटात खुशाल हात घाला, सुंठ आहे, वडीही असेल. उजव्यात मात्र घालू नका. पोपीची पणती बसली आहे तिथे. त्या जागेची नोंद कुठल्याच वहीत नाही, पण तिला अजून कुणी उठवलेलं नाही.